गुलमर्गला मुक्कामाला जा: स्कीइंग, बर्फ आणि बाकीचे महिने

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब. आजी-आजोबा ६६ आणि ७१ वर्षांचे, नवरा-बायको चाळिशीतले, मुलगी १४ ची, मुलगा ९ चा. मुलांना स्कीइंग शिकायचंय. आजोबांना आयुष्यात एकदा बर्फ पडताना बघायचाय. ट्रॅव्हलवाल्याने श्रीनगरहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा एका दिवसाचा गुलमर्ग बसवून दिलाय. नाताळच्या सुट्टीत जावं की मे महिन्यात, आणि बर्फ नसताना तिथे काही उरतं का, हे विचारलंय.

मी नाशिकची. गड चढत वाढले, २००४ च्या हिवाळ्यात गुलमर्गला स्की-कोर्ससाठी पहिल्यांदा गेले आणि तेव्हापासून दर वर्षी जाते, थंडीत नवशिक्यांची तुकडी घेऊन आणि उन्हाळ्यात चालणाऱ्यांची. मी गेले तेव्हा गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा, फक्त मधल्या कोंगडोरीपर्यंत जायचा. अफरवट डोंगरापर्यंतचा वरचा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं पहिल्यांदाच सांगते: तो एका दिवसाचा बेत रद्द करा आणि गुलमर्गमध्येच किमान चार रात्री राहा. श्रीनगरात दोन रात्री कमी केल्या तरी चालतील.

हिशोब करून बघा. श्रीनगर ते गुलमर्ग ५० किलोमीटरच्या आसपास. त्यातले शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गपासूनचा घाट. बर्फ पडलेला असला की साध्या गाड्या टंगमर्गलाच थांबवतात, मग चाकांना साखळ्या लावलेली जीप करायची. तिथेच भाड्याचे लांब बूट आणि कोट घ्यायचे, ते घालायचे, मुलाच्या मापाचा बूट मिळेपर्यंत थांबायचं. साडेआठला निघालेलं कुटुंब वर पोचतं तेव्हा अकरा-साडेअकरा झालेले असतात आणि तीन-साडेतीनला ड्रायव्हर परत निघायची घाई करतो, कारण ऊन गेलं की घाटातल्या रस्त्यावर बर्फाची काच होते. मधल्या चार तासांतले दोन रांगेत. उरलेल्या वेळात कोणीतरी तुमच्या पायात स्की अडकवतो, हात धरून वीस पावलं ओढतो, फोटो काढतो. मुलं घरी येऊन सांगतात, स्कीइंग केलं. त्यांनी ते केलेलं नसतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याच पैशांत आणि त्याच थंडीत ती शिकू शकली असती.

जागा कशी आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं लागेल. मर्ग म्हणजे कुरण. जुनं नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान युसूफ शाह चकने त्याचं गुलमर्ग केलं. पीर पंजालच्या उत्तरेकडच्या उतारावर, फरच्या जंगलात, बशीसारखं खोलगट कुरण आहे, उंची साधारण २,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर उभं राहून आणखी एक हजार मीटर वर बघायचं, तिथे हे कुरण सुरू होतं. त्याच्या पाठीशी अफरवटचा डोंगर. गोंडोलाचा पहिला टप्पा कुरणातून कोंगडोरीला, साधारण ३,०८० मीटरवर नेतो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० च्या आसपास. स्कीचं वेड इथे इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आणलं, १९२७ मध्ये त्यांनी इथे स्की क्लब काढला. १९४८ मध्ये भारतीय सेनेची स्की-शाळा सुरू झाली, तीच आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्थाही इथेच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो याच डोंगराच्या पायथ्याचा.

आता कधी जायचं ते. नाताळ नको.

काश्मिरी माणूस थंडीचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. खरा, टिकणारा बर्फ पडतो तो चिल्लई कलानमध्ये. नाताळात ती नुकतीच लागलेली असते. कधी दोन फूट बर्फ मिळतो, कधी तपकिरी गवत. हॉटेलचे दर मात्र दोन्ही वेळा तेवढेच आणि गर्दी वर्षातली सगळ्यात जास्त. माझ्या तुकड्या मी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यानंतरच नेते. फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत कुरणातला थर दाबून बसलेला असतो, शिकणाऱ्याला तसाच हवा. तुमची मुलगी बहुधा नववीत असेल. दहावी लागण्याआधी शाळेतून आठवडाभराची रजा मागायची हीच वेळ आहे, मागा.

तरीही खात्री कोणी देऊ नये. काश्मीरचा बर्फ मान्सूनचा नाही, तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंजावातांचा. ते आले नाहीत तर काहीच नाही. २०२४ चा जवळपास सगळा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं. ज्या उतारावर दर वर्षी आमचे झेंडे लागतात तिथे मेंढ्या चरतील असं गवत दिसत होतं आणि ओळखीचे प्रशिक्षक दुकानाबाहेर उन्हात बसून होते. महिना संपता संपता बर्फ आला. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून मार्चवर गेल्या. तुम्ही मुक्कामाला असाल आणि हातात चार-पाच दिवस असतील तर यातला एखादा दिवस तरी तुमचा असतो. एका दिवसाच्या फेरीत तो जुगार आहे.

मुलांचं स्कीइंग. यावर जरा जास्त लिहिते, कारण चुका इथेच होतात आणि पहिल्या दिवशीच होतात.

सुरुवात बुटापासून. स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो, घोट्याच्या वरपर्यंत, चार बकलांचा. आपल्या लोकांना तो घट्ट वाटतो म्हणून ते एक नंबर मोठा मागतात आणि आत लोकरीचे दोन मोजे घालतात. दोन्ही चूक. मोजा एकच, पातळसर, पिंडरीपर्यंत येणारा आणि सुरकुती न पडलेला. सरळ उभं राहिलं की अंगठा बुटाच्या टोकाला जेमतेम लागला पाहिजे आणि गुडघे पुढे वाकवले की टाच मागे बसून अंगठा सुटला पाहिजे. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट परत करा, भाड्याने देणारा कितीही म्हणाला तरी. दोन मोज्यांनी पाय जास्त गार पडतो, कारण रक्त फिरायला जागा उरत नाही. नऊ वर्षांच्या मुलाची स्की जमिनीवर उभी धरली तर त्याच्या हनुवटीपर्यंत यावी, त्याहून लांब नको. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, वजनाप्रमाणे लावलेला हवा. पडल्यावर तो सुटला नाही तर गुडघा पिरगळतो. कोणी वजन न विचारता स्की हातात दिली तर तुम्हीच सांगा, आणि खरं वजन सांगा. हेल्मेट दोघांनाही, न विसरता.

पहिला दिवस कुरणाच्या कडेच्या छोट्या उतारांवर जातो. गोंडोलाचं तिकीट त्या दिवशी काढूच नका. आधी एका पायात स्की घालून सपाटीवर घसरत चालायचं, मग दोन्ही पायांत. मग आडवं पाऊल टाकत चार-पाच मीटर चढायचं आणि खाली यायचं. थांबायला शिकवतात ती पहिली पद्धत स्नोप्लाव: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, मध्ये समोशासारखा त्रिकोण, आणि दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूला ढकलायच्या. मुलांना हे अर्ध्या तासात जमतं. मोठ्यांना दोन दिवस लागतात, आणि कारण ताकदीचं नसून भीतीचं असतं. उतार दिसला की माणूस मागे रेलतो. मागे रेलला की वजन टाचेवर जातं, स्कीची टोकं हलकी होतात आणि ती ऐकेनाशी होतात. ज्यांनी सह्याद्रीत घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, उतरलाय त्यांना मी एकच वाक्य सांगते: घसाऱ्यावर मागे रेललात की पाय निसटतो ना, इथेही तेच. छाती दरीकडे, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली. ट्रेकर माणसाला ते लगेच कळतं.

माझ्या एका तुकडीत साताऱ्याकडच्या एक शिक्षिका होत्या, वय पंचावन्न. पहिल्या दिवशी त्या चौदा वेळा पडल्या. त्यांनीच मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, उतार निम्मा झाल्यावर, त्यांच्या खांद्यांची गाठ सुटलेली मला वरूनच दिसली. हात पुढे आले, गुडघे वाकले आणि त्या त्रिकोण धरून तळापर्यंत आल्या, हळूहळू, मागे नांगरल्यासारख्या दोन रेघा सोडत. थांबल्या आणि मागे वळून त्या रेघांकडे बघत राहिल्या. त्या रेघा मलाही अजून आठवतात. हे घडायला दुसरा दिवस लागतो. म्हणून तीन सकाळी सलग ठेवा, दर दिवशी दोन-अडीच तास, त्याहून जास्त नको. दमलेलं मूल पडतं आणि पडलेलं मूल घाबरतं. प्रशिक्षक पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेला घ्या, ओळखपत्र बघा, आणि दोन्ही मुलांना मिळून एकच पुरे. मुलीला हे खरंच आवडलं तर पुढच्या वर्षी सरकारी संस्थांचे आठवडा-दोन आठवड्यांचे निवासी कोर्स असतात. स्वस्त, शिस्तीचे आणि फार चांगले. मी तिथेच शिकले.

गॉगल काढू देऊ नका. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. काचेवर वाफ धरते म्हणून आमच्यातल्या एका मुलाने दुपारभर गॉगल कपाळावर ठेवला होता. संध्याकाळी काही नाही. रात्री दहाला तो डोळ्यांत वाळू गेली म्हणून रडायला लागला. दीड दिवस अंधाऱ्या खोलीत काढला, त्याचा कोर्स तिथेच संपला. ढगाळ दिवशीही हाच नियम. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीसुद्धा लावा.

आता अफरवटचा दुसरा टप्पा. जगभरचे स्कीपटू गुलमर्गला येतात ते याच्यासाठी. युरोपातल्या रिसॉर्टसारखे यंत्राने विंचरलेले उतार इथे थोडेच आहेत. लिफ्ट तुम्हाला जवळपास चार हजार मीटरवर सोडते आणि पुढे मोकळा डोंगर, गुडघाभर भुसभुशीत बर्फ. गोंडोलाच्या तारांखालचा भाग स्की-पेट्रोल, म्हणजे गस्त घालणारं पथक, सांभाळतं. त्याच्या हद्दीबाहेर गेलं की जबाबदारी तुमची. हिमस्खलनं इथे दर वर्षी होतात. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग कुरणात सेनेच्या शाळेतल्या १७ जवानांचा त्यात जीव गेला. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका रशियनाचा. हे सगळे अनाडी नव्हते.

एकदा आम्ही पाच जण एका स्थानिक पेट्रोलवाल्याबरोबर वर होतो. रात्री दीड-दोन फूट पडून गेलेला, आकाश निळंशार, समोर एकही रेघ नसलेला उतार. त्याने फावड्याने बर्फात खड्डा खणला, त्याच्या भिंतीत वीतभर रुंदीचा चौकोनी खांब मोकळा कापला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापट्या मारायला लागला. दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून, अशी ती चाचणी असते; जितक्या लवकर थर सुटेल तितका उतार धोक्याचा. कोपरातल्या तिसऱ्या थापेला वरचा सगळा ठोकळा खालच्या थरावरून टेबलाचा खण बाहेर यावा तसा सरकून माझ्या मांडीवर आला. कोणी काही बोललं नाही. त्याने फावडं पुसलं आणि आम्ही गोंडोलाने खाली आलो. तुमच्या मुलांना हद्दीची दोरी दाखवा आणि तिच्यापलीकडे पाऊल नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं लागतं, आणि ते वापरण्याचा सराव लागतो. गाडल्या गेलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटंच असतात.

आजी-आजोबांनी दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये असं मी स्पष्ट म्हणेन. प्रत्यक्ष पाळण्यात बसायचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा आणि तेवढ्यात तुम्ही तेराशे मीटर वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, वारा वेगळाच, आणि उतरल्यावर लोक फोटोसाठी बर्फातून भराभर चालतात. माझ्या एका तुकडीतले काका तिथे असेच चालले, पन्नास पावलांवर बसले, ओठ निळसर. पुढच्याच पाळण्यातून खाली आणलं, कोंगडोरीला येईपर्यंत बरे झाले, पण ती दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. कोंगडोरीपर्यंत दोघांनी जरूर जावं, तेही दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, रक्तदाबाच्या गोळ्या नीट चालू असतील तर. डॉक्टरांना मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी उंचीपेक्षा घसरण्याची भीती मोठी. भाड्याच्या गमबुटांचे तळवे गुळगुळीत झालेले असतात. पुण्याहूनच बुटावर चढवायचे रबरी-लोखंडी काटे घेऊन जा आणि काठी न्या. आणखी एक गोष्ट, खोलीतली. रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत जातो आणि गॅसचा हीटर किंवा बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटवतात. दारं-खिडक्या गच्च लावून ती रात्रभर चालू ठेवायची नाही. झोपताना बंद करा, गादीखालचं विजेचं ब्लँकेट मागा, खिडकीची बोटभर फट ठेवा. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, छान असते, पण पांघरुणात घेऊन झोपायची नाही.

स्लेजबद्दल विचारलेलं नाही, तरी तुम्हाला गाठणार म्हणून सांगते. लाकडी फळीवर बसवून दोरीने ओढत नेणारी माणसं टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतली. हाच माणूस उन्हाळ्यात घोडा घेऊन उभा असतो, कधी कोणाचा वाटाड्या असतो. त्याचं सगळं वर्ष या एका डोंगरावर चालतं. २०२४ च्या त्या कोरड्या जानेवारीत त्यांच्या घरात काय झालं असेल ते मी जवळून पाहिलंय. दर आधी ठरवा, दराचा फलक असेल तर तो बघा, आणि ठरल्यावर शेवटच्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. आजोबांना चालवत नसेल तर स्लेजवर बसण्यात काही कमीपणा नाही. ओढणारा माणूस त्याचं काम करतोय.

उरलेला प्रश्न: बर्फ नसताना काय? मला विचाराल तर गुलमर्ग मला जास्त आवडतं ते जुलैत.

आपल्याकडे जुलै म्हणजे सह्याद्री भिजून चिंब, वाटा शेवाळलेल्या. पीर पंजालच्या आड असल्यामुळे काश्मीर खोऱ्यात मान्सून फारसा पोचत नाही. दुपारी एखादी सर येते, जाते. आणि थंडीत साठलेला बर्फ तेव्हा पाणी होऊन वाहत असतो. ज्या उतारावर फेब्रुवारीत मुलं पडत होती तिथून ओहोळ आलेला असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना बटरकप, डेझी, फरगेट-मी-नॉट, ल्युपिनचे निळे-जांभळे तुरे. जहांगीर बादशाहाने इथे एकवीस जातींची रानफुलं गोळा केली होती म्हणतात; जुलैतल्या एका सकाळी नुसतं बसल्या जागेवरून मी अकरा मोजलीत. कुरणाच्या मध्यभागी अठरा होलचं गोल्फचं मैदान आहे, १९११ पासूनचं. टेकाडावर १९०२ चं सेंट मेरी चर्च. महाराणीचं शिवमंदिर १९१५ चं. जून २०२४ च्या आगीत ते जळालं तेव्हा गुलमर्गमधल्या सगळ्यांनाच वाईट वाटलं, मलाही. अनेक वर्षं त्या मंदिराची देखभाल एका मुसलमान पुजाऱ्याने केली, हे तिथे गेलेल्या अनेकांना माहीत असेल.

चालण्यासाठी पहिली वाट बाहेरच्या वर्तुळाची. कुरणाला वळसा घालणारी, फरच्या सावलीतून जाणारी, ११ किलोमीटरची, जवळजवळ सपाट. आजी-आजोबा तिचा हवा तेवढा तुकडा करू शकतात. झाडी उघडते तिथे खाली सगळं खोरं, वुलर तलाव, हरमुख शिखर, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला नांगा पर्बत, ८,१२६ मीटर. त्याच बाजूने उतरत पंधराव्या शतकातल्या बाबा रेशींच्या दर्ग्यापर्यंत जाता येतं. दुसरी वाट खिलनमर्गची, घोड्यांच्या वाटेने दीड-दोन तासांची चढण. तुमची मुलं पळत जातील. तिसरी अल्पथर तळ्याची. दुसऱ्या टप्प्यावरून पुढे दगडधोंड्यांतून चालायचं, जूनपर्यंत तळ्यात बर्फाचे तुकडे तरंगतात. ती पूर्ण दिवसाची आणि वाटाड्या घेऊनच करायची, कारण दुपारनंतर ढग उतरला की खुणा दिसत नाहीत. वाटेत गुज्जर आणि बकरवाल या पशुपालकांची मातीच्या छपराची घरं लागतात. त्यांनी बोलावलं तर आत जा, मिठाचा चहा घ्या, मुलांना त्यांची कुत्री लांबूनच दाखवा. निंगल नाल्याच्या काठी नुसतं बसायलाही अर्धा दिवस पुरत नाही.

मे महिना मात्र मी सुचवणार नाही. कुरणातला बर्फ गेलेला, फुलं अजून यायची, अफरवटवर उरलेला मळकट थर, आणि आपल्या सगळ्यांच्या शाळांना सुट्टी असल्यामुळे गर्दी अफाट. त्याच महिन्यात आणखी एक दिसतं. थंडीभर बर्फात गाडलेल्या चिप्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे हातमोजे थराथराने वर येतात, डिसेंबरचे सगळ्यात शेवटी. ते पाणी फिरोजपूर आणि निंगल नाल्यांतून खालच्या गावांत आणि पुढे झेलमला जातं. तुमच्या मुलांना पाठपिशवीत एक रिकामी पिशवी द्या आणि आपला कचरा टंगमर्गपर्यंत खाली आणायला सांगा.

शाळेमुळे जुलै जमत नसेल तर दिवाळीची सुट्टी घ्या. तेव्हा हवा काचेसारखी, नांगा पर्बत सगळ्यात जास्त वेळा तेव्हाच दिसतो. बागांतली सफरचंदं उतरवून झालेली किंवा शेवटची उतरवणं चाललेलं, आणि श्रीनगरजवळ पाम्पोरला केशर फुललेलं. बर्फ नसेल, कधी वर एखादी पांढरी कड. शांतता मात्र भरपूर.

व्यवहाराच्या चार गोष्टी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरात किमान दोघांकडे पोस्टपेड हवं. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि गर्दीच्या दिवसांत आधीच संपतात, तारखा ठरल्या की लगेच काढा. जोराचा वारा असला की वरचा टप्पा बंद ठेवतात. त्यावर वाद घालू नका, जून २०१७ मध्ये वाऱ्याने झाड तारेवर पडून सात जण गेले होते. परतीचं विमान आणि गुलमर्ग यांच्यात एक मोकळा दिवस ठेवा, फेब्रुवारीत विमानं रद्द होतात. पहलगामच्या एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच ठिकाणं बंद केली होती आणि टप्प्याटप्प्याने उघडली, तेव्हा निघण्याआधी प्रशासनाची ताजी सूचना बघून घ्या. जेवणात शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत: राजमा, हाक नावाची पालेभाजी आणि नदरू, म्हणजे आपली कमलकाकडी, सगळीकडे मिळते. निव्वळ मुलांच्या शिकण्याचाच विचार असेल तर उत्तराखंडातलं औली हाही चांगला पर्याय आहे. तिथले उतार सौम्य आहेत आणि समोर नंदादेवी. पण जोशीमठपर्यंतचा प्रवास आजी-आजोबांसाठी लांबचा आणि कष्टाचा, म्हणून तुम्हाला गुलमर्गच म्हणते.

शेवटी आजोबांचा बर्फ. पडलेला बर्फ आणि पडणारा बर्फ यांत फार फरक आहे, आणि पडणारा बहुतेक वेळा मुक्कामी माणसालाच दिसतो, कारण झंजावात आला की घाट बंद होतो आणि दिवसाच्या गाड्या वर येतच नाहीत. लक्षण सांगते. दुपारी ढग खाली येऊन फरची टोकं गिळतो, वारा पडतो आणि थंडी उलट थोडी कमी झाल्यासारखी वाटते. तेव्हा आजोबांना टोपी, मफलर घालून तयार ठेवा. आवाज काही येत नाही. आपल्याला पावसाची सवय, म्हणून आपण कान लावून बसतो आणि बाहेर वीतभर पडून गेलेला असतो. व्हरांड्यात खुर्ची टाकून द्या, दिव्याच्या उजेडात तो छान दिसतो, हात बाहेर काढून बाहीवर झेलला तर एकेक पाकळी वेगळी दिसते. फक्त दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्यांना पत्र्याच्या पागोळीखाली उभं राहू देऊ नका. छपरावर साठलेला सगळा थर एकदम, काहीही न सांगता खाली येतो.